चांगीचं जहाज आणि दोन घरच्या गौरी

सिंगापूरहून परत येऊन तीन आठवडे झाले. सकाळी फिरायला निघालं की कुणी ना कुणी विचारतंच, काय काय पाहिलंत? मी म्हणते, मेट्रो पाहिली, तिथे तिला एमआरटी म्हणतात. लोकांना वाटतं मी चेष्टा करते आहे. पण खरं तेच आहे. तीन मनोऱ्यांच्या डोक्यावर जहाज ठेवलेलं ते हॉटेल मी पाहिलं नाही, तोंडातून पाणी सोडणारा सिंह पाहिला नाही, बागेतली ती लोखंडी झाडंही नाहीत. मी पाहिलं ते बेटाच्या पश्चिमेचं चोआ चू कांग आणि पूर्वेचं पासिर रिस, आणि त्या दोहोंमधला सव्वा तासाचा प्रवास. पश्चिमेला माझा भाऊ श्रीधर राहतो, पूर्वेला धाकटा शेखर. चार वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते, आणि त्याला थोडंफार कारण मी होते.

हे नीट कळायला आधी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल. नाशिकच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. दर जूनमध्ये स्पेनचा चार्ल्स, फ्रान्सचा फ्रान्सिस आणि इंग्लंडचा हेन्री माझ्या वर्गात येऊन भांडायला लागायचे. त्यांची मुलं-नातवंडं दिवाळीपर्यंत भांडत राहायची. कुणी कुणाचा मेहुणा, कुणी कुणाच्या मावशीचा नवरा. देव एक, धर्मग्रंथ एक, आणि प्रार्थनेच्या वेळी हातात घेतलेल्या पावाच्या तुकड्याचं नक्की काय होतं यावरून माणसं जिवंत जाळलेली. सुरुवातीची काही वर्षं मी हे फार आवेशाने शिकवलं. शेवटी शेवटी नुसती दमून जायचे. मुलं विचारायची, मॅडम, यात बरोबर कोण? मी म्हणायचे, परीक्षेत विचारत नाहीत.

त्या सगळ्या रक्तपातात एक तह मात्र मला आवडायचा. जर्मनीतल्या छोट्या छोट्या राजांनी भांडून कंटाळल्यावर ठरवलं, ज्याचं राज्य त्याचा धर्म. तू तुझ्याकडे तुझ्या पद्धतीने कर, मी माझ्याकडे माझ्या. तो तह मी आमच्या घरात वापरून पाहिला.

आमच्याकडे उभ्या गौरी असतात. पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आईला तिच्या सासूकडून मिळालेले. भाद्रपदात तीन दिवसांसाठी गौरी घरी येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजा आणि पुरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. हे दिवस नक्षत्रावर ठरतात, वारावर नाही. आई होती तोवर दोघं भाऊ रजा जमवून नाशिकला यायचे. आई गेली आणि प्रश्न आला की आता गौरी कुणाकडे. श्रीधर म्हणाला, थोरल्याकडे. शेखर म्हणाला, शेवटची सहा वर्षं दर गौरीत येऊन माझ्या बायकोने, अनुजाने, सगळं निस्तरलं, तेव्हा तिच्याकडे. आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की मधल्या वारी आम्हाला रजा मिळत नाही, आम्ही जवळच्या शनिवार-रविवारी बसवू. श्रीधर ताडकन उठला. तेराव्याची पंगत नुकतीच उठलेली, पाहुणे हॉलमध्ये बसलेले आणि आतल्या खोलीत हे दोघं साठीला टेकलेले बाप्ये देव कुणाच्या सोयीने येतो यावर ओरडत होते. मी मध्ये पडले आणि निकाल दिला. ज्येष्ठा श्रीधरने न्यावी, कनिष्ठा शेखरने. ज्याचं घर त्याची तिथी.

त्या क्षणी मी स्वतःला फार शहाणी समजले. जोडी फोडली, हे माझ्या डोक्यात शिरलं ते दोघं विमानात बसून गेल्यावर. ते जर्मनीतले राजेही पुढे तीस वर्षं लढले, हे मी स्वतःच दर वर्षी फळ्यावर लिहीत होते.

यंदा दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पुढे एवढा प्रवास झेपेल की नाही, कुणास ठाऊक. यजमानांना विमानाचा त्रास होतो, म्हणून एकटीच निघाले. मला ती जोडी एकदा एकत्र उभी पाहायची होती. दुसरं काही काम नव्हतं.

चोआ चू कांग, मंगळवार ते गुरुवार

श्रीधरचं घर अकराव्या मजल्यावर. सरकारने बांधलेली इमारत म्हटल्यावर आपल्याकडे लोक नाक मुरडतील, पण लिफ्ट स्वच्छ, जिने धुतलेले आणि कॉरिडॉरमध्ये एक चप्पल वाकडी नाही. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत त्याची अठ्ठावीस वर्षं गेली. आता तो तिथला नागरिक आहे आणि नागरिक झाल्यापासून जास्तच नाशिककर झाला आहे. दाराशी कुंड्यांत तुळस आणि दूर्वा. भिंतीवर पंचांग, त्यावर सिंगापूरच्या सूर्योदयाप्रमाणे वेळा दुरुस्त करून पेन्सिलीने लिहिलेल्या. या तीन दिवसांच्या रजेसाठी तो सहा महिने आधी अर्ज करतो, हे त्याने मला पहिल्या तासाभरात दोनदा ऐकवलं.

मंगळवारी संध्याकाळी आवाहन. त्याच्या बायकोने, मंजिरीने, लिफ्टच्या दारापासून घरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली. ज्येष्ठेला घेऊन ती पुढे, मी मागून पळीने ताट वाजवत. नाशिकला या आवाजाने शेजारपाजार गोळा व्हायचा. इथे कुणी तक्रार करू नये म्हणून मी ताट अगदी हळू वाजवत होते. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि शेजारची चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन बाहेर आली. पावलं पाहून ती भिंतीला चिकटली आणि एकाही पावलाला धक्का न लावता आपल्या दारापर्यंत पोचली. मग तिने विचारलं की तुमचा हा वार दर वर्षी बदलतो कसा. श्रीधरने तिला चंद्राचं गणित सांगितलं. "मून डे, लाह. मस्ट फॉलो," ती म्हणाली. तिचं नवं वर्षही चंद्रावरच येतं. श्रीधरने माझ्याकडे खटला जिंकल्यासारखं पाहिलं.

गौरी उभ्या राहिल्या. ज्येष्ठा आमची, पितळेची, डाव्या कानाखाली पोचा पडलेली. तो पोचा श्रीधरनेच नवव्या वर्षी पाडला होता, आईच्या हातून घ्यायची घाई केली म्हणून. शेजारी पुण्याहून मागवलेली फायबरची कनिष्ठा, गाल गुलाबी, ओठ नुकतंच पान खाल्ल्यासारखे लाल. दोघींची उंची जमावी म्हणून ज्येष्ठेच्या खाली वाटी पालथी घातलेली. नैवेद्याला भाजी-भाकरी, पाठ आरत्या, सगळं यथासांग. मला मात्र सारखी ती वाटी दिसत होती.

बुधवारी जेवण. माहेरवाशीण म्हणून पहिलं पान माझं. केळीची पानं लिटल इंडियातून आलेली. सोळा भाज्यांपैकी दोन मला ओळखता आल्या नाहीत आणि मंजिरीलाही नाही. सोळा भरत नव्हत्या, बाजारात समोर दिसल्या त्या तिने उचलल्या. पुरणपोळी आईच्या हातची आठवावी अशी झाली होती, पण त्या उकाड्यात तिसरी पोळी पानात पडली तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं.

जेवून मी सोफ्यावर आडवी झाले. श्रीधर समोर येऊन बसला आणि शेखरचं नाव न घेता म्हणाला, तिकडे शनिवारी आहे म्हणे. मग अर्धा तास तो त्याच विषयावर बोलत राहिला आणि मला पोपचं कॅलेंडर आठवलं. सोळाव्या शतकात युरोपचं कॅलेंडर सूर्याशी जुळेनासं झालं होतं. पोपने दहा दिवस गाळून ते दुरुस्त केलं. स्पेन-पोर्तुगालच्या कॅथलिक राजाने लगेच मानलं. इंग्लंडने आणि बऱ्याच प्रॉटेस्टंट राजांनी नाकारलं, गणितात खोट होती म्हणून नव्हे, तर पोपने केलं म्हणून. मग शंभर-दीडशे वर्षं अशी तऱ्हा की सरहद्द ओलांडली की तारीख बदलायची. अलीकडे नाताळ होऊन गेलेला, पलीकडे अजून यायचा. मी हे वर्गात गंमत म्हणून सांगायचे. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, मॅडम, दोन्हीकडे नातेवाईक असतील तर दोनदा नाताळ जेवता येईल. मी तिला गप्प बसवलं होतं.

त्या सोफ्यावर मला ती मुलगी आठवली आणि मी उठून बसले. इकडे पूजा बुधवारी, तिकडे शनिवारी. गुरुवारी इकडच्या गौरींना निरोप दिला की ज्येष्ठा वर्षभर डब्यात पडून राहणार. म्हणजे एकच जोडी दोन्ही घरी उभी राहू शकत होती. ज्या भांडणाने जोडी फुटली त्याच भांडणामुळे ती जुळवताही येत होती, आणि चार वर्षांत हे आम्हा तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तर चौतीस वर्षं पगार घेऊन हेच शिकवत होते.

गुरुवारी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या, मुखवटे उतरले. चहा देताना मी श्रीधरला सरळ विचारलं. ज्येष्ठा शनिवारपुरती दे, रविवारी रात्रीच्या आत परत आणते.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "ताई, ज्येष्ठा नक्षत्र काल होतं. शनिवारी जे उभं करतात त्याला गौर म्हणत नाहीत, बाहुली म्हणतात. बाहुलीसाठी आईचा मुखवटा मी देणार नाही." कपातला चहा संपवून तो पुढे म्हणाला, "आणि निकाल तूच दिला होतास."

तो खाली दूध आणायला गेला. गौरींचे मुखवटे आमच्याकडे तांदळाच्या डब्यात ठेवतात. मी डब्याचं झाकण उघडलं, तांदूळ चाचपले, मग ज्येष्ठेला नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. सदुसष्टाव्या वर्षी, सख्ख्या भावाच्या घरात, निवृत्त प्राध्यापिका. मान वर केली तर दारात मंजिरी उभी.

ती आत आली आणि माझ्या हातातला नॅपकिन काढून घेतला. "त्यात नको ताई, ओरखडे पडतील." कपाटातून एक जुना खण काढून तिने ज्येष्ठेला नीट गुंडाळलं, पर्सची चेन लावली, रिकाम्या डब्याचं झाकण बसवून तो होता तिथे ठेवला. मग म्हणाली, "ह्यांना मी आपणहून सांगणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही." त्या घरातलं खरं सोवळं कुणाचं आहे ते मला तेव्हा कळलं.

दुपारी मी एमआरटीने निघाले. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची, मग थेट शेवटच्या स्टेशनपर्यंत. एका तरुण मुलीने उठून जागा दिली. थोड्या वेळाने घोषणा झाली, संशयास्पद वस्तू किंवा व्यक्ती दिसल्यास कर्मचाऱ्यांना कळवा. मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

चांगी, शुक्रवार

शेखरला मी काही सांगितलं नाही. पर्सही खाली ठेवली नाही. शुक्रवारी सकाळी त्याची मुलगी ईरा मला चांगीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. ईरा वीस वर्षांची, कायद्याचं शिक्षण घेते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, आणि शेवटी तिथल्या पद्धतीने लाह लावते.

चांगीला जायचं ही या प्रवासातली माझी एकुलती एक हौस. समोर शांत, मळकट हिरवं पाणी, पलीकडे मलेशियातल्या जोहोरचा किनारा, डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी उतरणारी विमानं. माणसं सायकली फिरवत होती, कुणी गळ टाकून बसलेलं. मी चौतीस वर्षं शिकवलेल्या भांडणाचा एक तुकडा याच पाण्यात घडलेला आहे. स्पेनच्या राजाने पोर्तुगालची गादी मिळवली होती. हॉलंडचे प्रॉटेस्टंट त्याच्याविरुद्ध उठलेले, म्हणून पोर्तुगीजही त्यांचे शत्रू झाले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मकाऊहून मलाक्याला निघालेलं सांता कातारिना नावाचं भलंमोठं पोर्तुगीज जहाज इथे थांबलेलं असताना डचांनी गाठलं. जोहोरचा सुलतान डचांच्या बाजूला. दिवसभर तोफा चालल्या आणि शेवटी जहाज शरण आलं. माल तुम्हाला, जीव आम्हाला, असा सौदा. चिनी मातीची भांडी आणि रेशीम हॉलंडात नेऊन लिलावात विकलं.

वर्गात मी नेहमी त्या मालाबद्दल बोलले. जहाजावर बायका आणि मुलंही होती, हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्याबद्दल मी एक वाक्यही कधी बोलले नाही. बाकावर बसल्यावर मला त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचेना. भांडण कुठल्या दूरच्या गादीचं, प्रार्थना कशी करावी याचं, आणि इथल्या उकाड्यात कुणी बाई दिवसभर मूल पोटाशी धरून जहाजाच्या तळाशी बसलेली. आमच्या नाशकात नारोशंकराच्या देवळावर मोठी घंटा आहे, वसईच्या पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेली. लहानपणापासून ती आम्ही अभिमानाने दाखवतो. ती उतरवली तेव्हा खाली कोण उभं होतं, हे मीही कुणाला विचारलेलं नाही.

ईरा दोन कप कॉफी आणि टोस्ट घेऊन आली. टोस्टमध्ये लोण्याबरोबर काया नावाचा नारळाचा गोड लेप, आपल्या नारळाच्या वडीच्या जवळ जाणारा. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा घेतला. तिला जहाजाची गोष्ट माझ्याइतकीच माहीत होती, पण दुसऱ्या टोकाकडून. त्या डच कप्तानाला जहाज पकडायचा अधिकार होता की नाही, यावर हॉलंडातच वाद झाला. मग एका तरुण वकिलाला कामाला लावलं आणि त्याने लिहून दिलं की समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो, सबब पकडलं ते योग्यच. आजचा समुद्राचा कायदा तिथून सुरू होतो म्हणे. ईरा म्हणाली, "फर्स्ट टेक, देन जस्टिफाय. दॅट्स ऑल, आत्या."

मी पर्स उघडून तिला खण दाखवला. तिने एक कोपरा उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. "आत्या. यू स्टोल हर?" मी मान हलवली. ती इतकी हसली की गळवाल्याने वळून पाहिलं. मग हसू आवरून चक्क मराठीत म्हणाली, "काकाकडे मी चार वर्षं गेले नाही. ट्रेन डायरेक्ट जवळजवळ आहे. पण कोणी जा म्हणत नाही, मग मी पण नाही गेले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तह माझाच होता. वातावरण हलकं करायला मी म्हटलं, हा तुमचा काया छान असतो, अनुजाला उद्या नैवेद्यात ठेवायला सांगू या. ईरा माझ्या हातातल्या चौथ्या तुकड्याकडे पाहत म्हणाली, "आत्या, काया हॅज एग, लाह."

चोरी आणि अंडं, दोन्ही एका आठवड्यात, तेही गौरीत. मी तो तुकडा संपवला, आता उरवून काय होणार होतं.

पासिर रिस, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार

शेखरच्या घरात सगळं वेगळ्या चालीचं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, कानाला सतत हेडफोन. आरती फोनवर लावतात. भाज्या निम्म्या घरी, निम्म्या बाहेरून. पण पुरण अनुजा स्वतः शिजवते, पाट्यावर नसलं तरी स्वतःच्या हाताने वाटते, आणि आवाहनाच्या वेळी ताट असं दणक्यात वाजवते की खालच्या मजल्यावरची मलाय शेजारीण बघायला वर येते. त्यांच्या कनिष्ठेला जोडीदारीण म्हणून लिटल इंडियातून आणलेला वरलक्ष्मीचा मुखवटा, दक्षिणी घडणीचा, मोठ्या डोळ्यांचा, पांढऱ्या धातूचा.

आवाहनाच्या तासभर आधी मी खण उलगडून टेबलावर ठेवला. शेखर कॉलवर होता. त्याने हेडफोन काढले.

"दादाने दिली?"

"आणली," मी म्हटलं.

त्याने पुढे विचारलं नाही. मला वाटतं त्याला उत्तर ऐकायचंच नव्हतं. तो उठला, चिंच भिजवली आणि सिंकपाशी उभा राहून ज्येष्ठेला घासायला लागला. अंगठा त्या पोच्याशी गेला तेव्हा त्याने नळ बंद केला. अनुजाने वरलक्ष्मीला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि देव्हाऱ्यात मध्यभागी बसवलं. म्हणाली, चार वर्षं हिने निभावून नेलं, हिला डब्यात कसं टाकू.

दोघी उभ्या राहिल्या. खाली वाटी लागली नाही, उंची आपोआप जुळली. एकीची नथ एका बाजूला कललेली, दुसरीची सरळ, आईच्या वेळेला असायची तशीच. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि पदर डोळ्याला लावला. मला खूप बरं वाटलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला पूजा झाली. ईराने फोटो काढला आणि मला न विचारता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर चार वर्षं फक्त माझं सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक पडत होते. फोटोखाली सगळ्यांच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. शेखर फोन उलटा ठेवून पानं मांडायला लागला. अनुजाने विचारलं, ताई, दादांना विचारलं होतं ना? मी म्हटलं, विचारलं होतं. ते खोटं नव्हतं.

जेवायला बसणार तेवढ्यात बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर श्रीधर उभा होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तांदळाचा डबा. मागे मंजिरी. ती पैठणी नेसून आली होती, आणि ते पाहून मला धीर आला.

शेखरने दार उघडलं. श्रीधरने त्याच्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच माझ्याकडे पाहत म्हणाला, "ताई, ती दे."

तिथे मला काहीतरी समजुतीचं बोलता आलं असतं. आयुष्यभर राजांच्या वाटाघाटी शिकवल्या होत्या. पण गुडघा ठणकत होता, पाच दिवसांत दुसऱ्यांदा गौरी जेवायला बसत होते आणि मी खरोखर दमले होते. मी म्हटलं, "मी देणार नाही. तूच उचल. बाहुली असेल तर उचलून ने. आणि गौर असेल तर निरोपाआधी हलवतात का, ते तू मला सांग. शास्त्र तुला जास्त कळतं."

श्रीधरने बूट काढले. ते नीट जोडीने भिंतीशी लावले. आत आला, पिशवी खाली ठेवली, गौरींसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा हात ज्येष्ठेच्या कानापाशी गेला, त्या पोच्याच्या जवळ, आणि तिथेच थांबला. उचलायची म्हणजे शेखरच्या घरात बाहुली उभी आहे असं तिच्या तोंडावर म्हणायचं. ठेवायची म्हणजे शनिवारची गौर मानायची. पंखा फिरत होता. मंजिरीने मागून येऊन हळदीकुंकू उचललं, आधी ज्येष्ठेला लावलं, मग कनिष्ठेला, आणि अनुजाच्या कपाळाला. त्या दोघी जावा चार वर्षांनी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि दोघी रडत होत्या.

श्रीधरने हात मागे घेतला. घसा साफ केला. मग शेखरकडे वळून, चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"पुढच्या वर्षी ज्येष्ठेला उजवीकडे ठेवा."

शेखर म्हणाला, "आई डावीकडेच ठेवायची, दादा."

"आई कधी डावीकडे ठेवत नव्हती."

"मी सहा वर्षं लागोपाठ होतो तिथे."

आणि दोघांचं सुरू झालं. अनुजाने गुपचूप दोन पानं वाढवली. ईरा फोनवर आईच्या वेळच्या गौरींचे जुने फोटो शोधायला लागली, ते काही सापडेनात. श्रीधर बोलता बोलता पाटावर बसला आणि पुरणपोळी कुस्करताना तो नक्षत्राबद्दल एक अक्षरही बोलला नाही.

रविवारी संध्याकाळी निरोप झाला. शेखरकडचा तांदळाचा डबा लहान होता, श्रीधरने आणलेला मोठा, म्हणून दोन्ही मुखवटे त्याच डब्यात शेजारी शेजारी गेले. तो डबा वर्षभर कुठे राहणार, यावर सोमवारी मी विमानात बसेपर्यंत एकमत झालं नव्हतं. अजूनही नाही. दोघं आळीपाळीने मला फोन करतात आणि म्हणतात, ताई, तूच काय ते सांग. मी निकाल देणं सोडलं आहे. म्हणते, मला नको, त्यालाच फोन लाव.